चपला कोण सांभाळणार?

साठी उलटल्यावर माणसाने काय विकत घ्यावं याबद्दल आमच्या घरात एकमत आहे: कानटोपी, कमरेचा पट्टा आणि आरोग्य विमा. मी कयाक घेतली. हवा भरायची, दोघांची, हवा काढून गुंडाळली की पलंगाखाली मावणारी. पूर्वी त्या जागेवर पाहुण्यांच्या वळकट्या असत. आता पाहुणे हॉटेलात उतरतात, त्यामुळे जागा होतीच.

पहिल्याच फेरीत, चोरल धरणावर, अर्ध्या तासात माझे दोन्ही पाय कमरेपासून खाली नाहीसे झाले. दिसत होते, पण माझे वाटत नव्हते. काठाला लागल्यावर उभं राहता येईना, तेव्हा गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत चिखलातून बाहेर आलो. भाच्याने त्याचं चित्रीकरण केलं आणि संध्याकाळच्या आत ते पुण्याच्या मावशीपर्यंत पोचलं. त्यानंतरचे दोन महिने मी बसण्याच्या शास्त्रात घालवले. सपाट बैठकीवर पाय लांब करून बसलं की सगळा भार बुडाच्या हाडांवर येतो, मांड्या अधांतरी राहतात, मागचे स्नायू ताणतात आणि शीर दबून मुंग्या येतात. उपाय साधा निघाला. जुन्या योगाच्या चटईचा तुकडा कापून मांडीखाली सरकवला, पाय टेकायला हवेची उशी पुढे ओढली, गुडघे किंचित वाकवले आणि पाठीचा पट्टा वर खांद्याकडे न ठेवता कमरेच्या खोबणीत बसवला. आता दोन तास बसतो. पाय माझेच राहतात.

एवढं सगळं जमल्यावर एके सकाळी महेश्वरच्या घाटासमोर, मधल्या धारेत, अगदी आरामात टेकून बसलेलो असताना मला फार चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. काही टोचत नव्हतं, तेच टोचत होतं.

आमच्या पिढीने, म्हणजे सत्तरच्या दशकात इंदुरात शाळेत असलेल्या मराठी पोरांनी, नर्मदा पाहिली ती लाकडी नावेच्या फळीवरून. सरवटे बसस्थानकावरून पहाटेची बस, मग महू, मानपूरचा घाट, घाटात ओकारी करणारी एक चुलतबहीण, धामनोदचा चहा आणि मग महेश्वर. सोबत पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि एका पिशवीत देवीच्या ओटीचं सामान. नर्मदा आम्हाला नदी म्हणून कधी सांगितलीच नव्हती, मैया म्हणून सांगितली होती. त्यामुळे तिच्यावर नौकाविहार करायचा ही कल्पनाही नव्हती. तिचं दर्शन घ्यायचं, तिची ओटी भरायची, आणि मध्ये पाण्यातल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जायचंच असेल तर नाव करायची.

नाव ‘करायची’ म्हणजे आधी नावाड्याशी घासाघीस करायची. तो माणशी आठ आणे सांगे, काका चार म्हणत, तो पाठ फिरवी, काका दुसऱ्या नावेकडे बघत उभे राहत. शेवटी सहा आण्यांना ठरे आणि पोरांचं अर्धं तिकीट यावर पुन्हा एकदा वाद होई. हे सगळं झाल्यावर त्याच माणसाच्या हातात आम्ही चौदा जणांचा जीव देत असू. दोन आण्यांसाठी त्याच्यावर विश्वास नव्हता, जिवासाठी होता.

मग बसवणं. ही त्या प्रवासातली सर्वांत नाजूक गोष्ट. नावाडी वजनाप्रमाणे बसवी. “भाभीजी, आप बीच में. दादा, आप उधर. बच्चे आगे. और बीच में कोई उठेगा नहीं.” कोण बरोबर मध्ये आणि कोणाच्या समोर दोन माणसं, यावरून घरातल्या प्रत्येकाचं वजन चारचौघांत जाहीर होई. एका काकूंनी या कारणावरून परतीच्या बसमध्ये कोणाशीही न बोलण्याचा विक्रम केला होता. फळी ओली, तिच्या खिळ्यांची डोकी वर आलेली, फटींत डांबर आणि चिंध्या कोंबलेल्या. तरीही तळाला पाणी यायचंच. ते उपसायला डालड्याचा पिवळा डबा असे आणि तो पोरांच्या हातात दिला जाई. आम्हाला वाटे, नाव आपणच तरंगती ठेवली आहे. खरं म्हणजे ते थोडंफार खरंही होतं.

आताच्या प्लॅस्टिकच्या कयाकवर, म्हणजे पर्यटन खात्याच्या बोटक्लबांत भाड्याने मिळतात तसल्या, उघड्या पाठीच्या, तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. आत आलेलं पाणी त्यांतून आपोआप निघून जातं. आमच्या नावेला नको ती भोकं होती आणि आम्ही जिवाच्या आकांताने उपसत होतो. या होडीला हवी ती भोकं आहेत आणि कोणालाच काही करावं लागत नाही. वल्ह्याला दोन्हीकडे पाती, मध्ये रबरी चकत्या, का तर दांड्यावरून ओघळणारं पाणी मांडीवर पडू नये. मांडीवर पाणी पडू नये यासाठी कोणीतरी, कुठेतरी बसून विचार केला, हे मला अजून नवल वाटतं. आम्ही ओले होऊन घरी गेलो नाही तर आई विचारायची, “गेला होतास ना नक्की?”

पण थांबा. स्मरणरंजनाची गाडी इथेच उतारावर लागते आणि ब्रेक माझ्याकडे आहे.

त्या नावेत चौदा जण होते आणि तरंगायला मदत करील अशी एकही वस्तू नव्हती. नऊवारी आणि पाचवारी नेसलेल्या बायका, ज्यांतली एकही पोहू शकत नव्हती. नाव कलंडली असती तर त्या लुगड्यांनीच त्यांना खाली ओढलं असतं. मैयाला नारळ का वाहायचा, याचं उत्तर त्या वेळी श्रद्धा असं होतं. आज वाटतं, जाकिटं नव्हती, म्हणून नारळ होता. विनोद असा की साहित्य घरातच होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभरची जहाजं कपोकचा कापूस भरलेली जाकिटं ठेवत. पोकळ, मेणचट धाग्यांचा तो कापूस पाणी धरत नाही. तो आमच्या सावरीच्या भावकीतला. म्हणजे ज्या काकू नावेत जीव मुठीत धरून बसल्या होत्या, त्या घरी रोज तसलाच कापूस उशीत घालून झोपत होत्या.

आमचं पोहणं शिकणंही असंच. गावाबाहेरच्या बावडीवर रविवारी काका घेऊन जात. गोड्या तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, सुताच्या दोरीने पाठीला आवळायचा आणि मागून ढकलून द्यायचं. डब्याची कड कमरेत रुते. माझ्या पाठीवर डाव्या बाजूला तिची खूण अजून आहे. फिजिओथेरपीवाल्या मुलीने ती पाहून ‘अपघात का?’ विचारलं, तेव्हा मी ‘शिक्षण’ म्हणालो. तिला विनोद कळला नाही आणि नीट पाहिलं तर तो विनोद नव्हताच. त्या बावडीत दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी जाई. मग पंधरा दिवस पोहणं बंद, एक शांत, आणि पुन्हा रविवार.

आज जाकीट घातल्याशिवाय पाण्यावर पाऊल ठेवू देत नाहीत आणि हे मला मनापासून पटतं. माझं जाकीट खास बसून वल्हवणाऱ्यांसाठीचं आहे: पाठीमागचा फोम खांद्याजवळ उंच संपतो, म्हणजे बैठकीच्या पाठीशी त्याची मारामारी होत नाही, काखा मोकळ्या, छातीला शिट्टी अडकवलेली. ते घालायची रीत आहे. आधी कमरेचा पट्टा, मग वरचे, आणि शेवटी कोणीतरी खांद्याला धरून वर उचलून बघायचं. कानापर्यंत सरकलं तर ढिलं. हे शेवटचं काम एकट्याला करता येत नाही. नव्या सगळ्या सामग्रीत दुसऱ्या माणसाची गरज लागणारी तेवढीच एक जागा मला सापडली आहे.

कयाक मुळात एकट्याचीच. ग्रीनलंडकडच्या इन्यूट शिकाऱ्यांनी ती वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केली, आणि मापं घेतली ती शिकाऱ्याच्याच अंगाची: त्याचे हात, त्याची कंबर, त्याच्या मुठी. शिंप्याने बंडी शिवावी तशी होडी. एकाची दुसऱ्याला होत नसे. पुढे १९०७ साली क्लेपर नावाच्या जर्मन शिंप्याने घडीची, कापडी कयाक बाजारात आणली. होय, तो खरोखरच शिंपी होता. तसल्याच एका घडीच्या कयाकमध्ये बसून ओस्कर श्पेक हा बेकार जर्मन विजेचा कारागीर १९३२ साली उल्म गावाहून निघाला आणि भारताच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. युद्ध नुकतंच पेटलं होतं, त्यामुळे तिथे त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून कोठडीत टाकलं. वाटेतली सात वर्षं तो होडीत कशावर बसला असेल, हा प्रश्न मला पूर्वी पडला नसता. १९७० च्या दशकात साच्यात फिरवून ओतलेल्या प्लॅस्टिकच्या कयाका आल्या, स्वस्त झाल्या, टिकाऊ झाल्या आणि सगळ्यांना एकाच मापाच्या झाल्या. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक काय करताहेत? फोम कापून, चिकटवून, ती होडी पुन्हा आपल्या मापाची करताहेत. माझा योगाच्या चटईचा तुकडा म्हणजे सुधारणा वगैरे काही नाही, हरवलेलं माप परत घेणं आहे.

बैठक ही चैनीची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ग्वाल्हेरच्या प्राची यादवकडे पाहावं. पोहण्यातून कयाकिंगकडे वळलेली, भोपाळच्या तलावावर तयार झालेली ही मुलगी तोक्योच्या पॅरालिम्पिकमध्ये अंतिम फेरीत आठवी आली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्णपदक घेतलं. तिच्या खेळात बैठक खेळाडूच्या शरीराप्रमाणे बदलून घेता येते, कारण पायांचं काम तिथे कमरेला आणि बैठकीला करावं लागतं. आम्ही मात्र फळीच्या खिळ्यावर बसण्यालाच चारित्र्य समजत आलो.

महेश्वरही बदललं. घाटापासून थोडं खाली, सहस्रधारेला, नर्मदा खडकांत फुटून अनेक धारांनी वाहते. सहस्रार्जुनाने आपल्या हजार हातांनी नदी अडवली आणि ती बोटांच्या फटींतून निसटली, ही गोष्ट प्रत्येक नावाडी सांगे, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत रावण वेगवेगळ्या जागी बांधलेला असे. तिथे नाव नेत नसत. “वहाँ मैया गुस्से में है,” एवढंच म्हणत. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच सहस्रधारेत खेलो इंडिया स्पर्धांची कॅनो स्लॅलम झाली. हेल्मेट घातलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं टांगलेल्या काठ्यांच्या फाटकांमधून, मैयाच्या रागातून, वेळ लावून खाली येत होती. नावाड्याने ज्याला राग म्हटलं, त्याला प्रशिक्षक प्रवाहाचा वेग म्हणतात. दोघेही बरोबर आहेत. पण रागाला हात जोडता येत.

आमच्या गावाचं आणि पाण्याचं नातं तसं कोरडंच. सत्तरच्या दशकात इंदूरला पाणी म्हणजे यशवंतसागर, बिलावली आणि घागरींची रांग. प्यायलाच जिथे पुरत नाही, तिथे त्यावर होडी घालणं पाप वाटे. १९७० मध्ये नर्मदेचं पाणी आणा म्हणून शहर रस्त्यावर उतरलं आणि १९७८ साली ते खरंच आलं. महेश्वरच्या शेजारच्या मंडलेश्वरजवळ, जलूदला उचलायचं, सत्तरेक किलोमीटर नळातून आणायचं आणि विंध्याचा घाट चढवायचा. आमच्या आजीने पहिल्या दिवशी नळाला हळदकुंकू लावलं. आज त्याच पाण्याने गाड्या धुतल्या जातात. म्हणून मी हळदकुंकवाकडे परत जा म्हणणार नाही, कारण त्याआधी पहाटे चारला घागर घेऊन रांगेत उभा राहायचो तो मीच. आता २०२२ पासून सिरपूर आणि यशवंतसागर रामसर यादीत आहेत; तिथे पाण्यावर पहिला हक्क पक्ष्यांचा. मला हे आवडतं. कयाक घेऊन मी चोरलला जाईन.

आणि हनुवंतियाला एकदा गेलो, पुन्हा जाववलं नाही. इंदिरासागरचा तो अफाट जलाशय, बेटं, २०१६ पासून भरणारा जलमहोत्सव, वातानुकूलित तंबू, रांगेने मांडलेल्या रंगीत कयाका. सोय म्हणाल तर नाव ठेवायला जागा नाही. पण खंडव्याहून इटारसीकडे जाताना आमची गाडी हरसूदला थांबत असे. फलाटावर भजी मिळत. २००४ साली ते गाव रिकामं केलं, रेल्वेचा मार्गही वळवला, आणि लोक छनेऱ्याजवळच्या नव्या वस्तीत गेले. बाकीचं पाण्याखाली. माझ्या पाठीला उत्तम आधार होता, मांडीखाली फोम होता, पायांना मुंग्या येत नव्हत्या, आणि तरी मला नीट बसता येईना. जुनं ते वाईट होतं असं मी वर चार वेळा कबूल केलं आहे. पण तिथे नवीन पाहायला आलेल्या माणसांखाली जुनं अक्षरशः बुडालेलं आहे, आणि त्याला स्मरणरंजन म्हणणं मला जमत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जी टाळत होतो.

नाव करताना प्रत्येक कुटुंबात एक माणूस काठावर राही. आमच्याकडे ती आत्या. सगळ्यांची घड्याळं तिच्या मनगटांवर, एकावर एक. पाकिटं तिच्या पदरात. चपलांचे चौदा जोड तिच्यासमोर घाटाच्या पायरीवर ओळीने. मुनीमजीने वही मांडावी तशी ती त्या जोडांमागे बसे आणि नाव परत येईपर्यंत जपमाळ ओढी. नाव लागली की आधी डोकी मोजी, मगच घड्याळं देई. एकदा एका काकांनी पलीकडच्या घाटावर उतरून चालत येण्याचा शहाणपणा केला. डोकी तेरा भरली तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो.

आज माझ्याकडे पाणी न शिरणारी पिशवी आहे. तोंडाची तीन वेळा गुंडाळी करायची, कडी लावायची, झालं. फोन, किल्ली, पाकीट, चष्मा सगळं आत, आणि ती पिशवी माझ्याबरोबर पाण्यात. चपला पायातच, कारण त्याही पाण्यात चालणाऱ्या. फार सोयीची वस्तू. आत्या काय करायची ते ही पिशवी सगळं करते, फक्त मोजत नाही.

पण आत्या काठावर का राहायची? मोठी माणसं म्हणत, तिला पाण्याची भीती वाटते. ती बालविधवा होती, ओटी भरायला ती चालत नसे, आणि सवाष्णींनी भरलेल्या त्या नावेत तिला मध्ये कुठे बसवायचं हा प्रश्न नावाड्याला पडण्याआधीच घरात सुटलेला होता. ज्या विधीसाठी मी आता गळा काढतो आहे, तो आमच्यासाठी विधी होता. तिच्यासाठी ती बसायची एक जागा होती, दगडी, उन्हातली, कुठलाही फोम नसलेली. तिला नावेत यायचं होतं का, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही, आणि ती गेल्याला आता एकतीस वर्षं झाली.

तर वाचकांना एक विनंती. मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी महेश्वरच्या घाटावर असतो. काठावर बसायला कोणीतरी हवं आहे. चपलांकडे लक्ष ठेवायचं, निघताना माझं जाकीट खांद्याला धरून ओढून बघायचं आणि आलो की डोकी मोजायची, जरी ते एकच असलं तरी. घडीची खुर्ची मी आणतो, कमरेला आधार असलेली. पोहे-जलेबी माझ्याकडून. अट एकच: तासाभराने जागा बदलायची.